टाके काढायला परत यायचं नाही

सोलापुरात धाग्याचं कौतुक नसतं, त्याची तपासणी असते. माझे आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. कुठलंही कापड हातात आलं की ते कडेचा एक धागा ओढून घ्यायचे, दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळायचे आणि झटका द्यायचे. तुटला नाही तर माल चांगला. 1877 साली या गावात पहिली कापडगिरणी सुरू झाली, तिला आजही लोक 'जुनी मिल' म्हणतात. तेव्हापासून गिरण्या, हातमाग, पूर्व भागातले पद्मशाली विणकर, चादरी, टॉवेल, पॉवरलूम अशा सगळ्या पिढ्यांनी धाग्याला एकच प्रश्न विचारला: तू किती टिकशील?

पुढे मी फार्मसी शिकायला गेलो आणि तिथे नेमका उलटा प्रश्न विचारणारी माणसं भेटली. तू कधी तुटशील? नेमक्या कितव्या दिवशी? आणि तुटताना तुझ्या पोटातलं औषध कुठल्या वेगाने सोडशील? शरीरात औषध हळूहळू सोडणारी आणि काम झालं की स्वतःच नाहीशी होणारी पॉलिमर हा आज कर्करोगापासून हृदयविकारापर्यंत पसरलेला मोठा विषय आहे. पण त्याची सुरुवात गोळीपासून झाली नाही. ती झाली टाक्यापासून, म्हणजे धाग्यापासूनच. सोलापूरच्या माणसाला ही गोष्ट सांगायचा थोडा हक्क आहे असं मला वाटतं, तो एवढ्यासाठीच.

जुन्या पिढीतल्या लोकांना पिंजारी आठवत असेल. गादीचा कापूस पिंजायला दारावर यायचा, खांद्यावर धनुकली. त्या धनुकलीची दोरी सुताची नसायची, जनावराच्या आतड्याची असायची. तिला 'तात' म्हणत. शस्त्रक्रियेतलं 'कॅटगट' म्हणजे मुळात हीच तात. मांजराचा त्यात काही संबंध नाही, मेंढीच्या किंवा गाईगुरांच्या आतड्याच्या अस्तरापासून ती बनते. म्हणजे कापूस पिंजणारी दोरी आणि पोट शिवणारी दोरी एकाच घराण्यातली.

जखम शिवणं आपल्याकडे जुनंच. सुश्रुतसंहितेत शण, स्नायू, केस अशी शिवण्याची साधनं सांगितली आहेत. फाटलेलं आतडं जोडण्यासाठी तर मोठे काळे मुंगळे चावायला लावायचे आणि धड तोडून डोकी आतच ठेवायची, अशी कृतीही आहे. हा 'जगातला पहिला विरघळणारा टाका' असल्याचे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतात. मला ते जरा ओढूनताणून वाटतं, कारण मुंगळ्याचं कवच शरीरात किती दिवसांत जिरतं याची मोजदाद तिथे नाही. पण त्यामागची गरज मात्र अगदी खरी आहे. पोट शिवून बंद केल्यावर आतला टाका काढायला परत कोण उघडणार?

जोसेफ लिस्टर यांनी 1869 साली या प्रश्नाला पद्धतशीर हात घातला. कार्बोलिक अॅसिडमध्ये मुरवलेल्या कॅटगटने त्यांनी एका वासराची रोहिणी बांधली आणि काही आठवड्यांनी उघडून पाहिलं. दोर जिरत चालला होता, त्याच्या जागी जिवंत ऊती आली होती. पुढे क्रोमिक आम्लाचे क्षार लावून कॅटगटचं आयुष्य थोडं लांबवता आलं, आणि पुढची शंभर वर्षं आतले टाके म्हटलं की कॅटगट हेच समीकरण राहिलं. त्याची खोड एकच होती. तो जनावराचा अवयव होता, त्यामुळे प्रत्येक शरीर त्याला आपल्या मर्जीने पचवायचं. एकाच्या पोटात आठवडाभर, दुसऱ्याच्या पोटात तीन आठवडे. जंतुसंसर्ग असेल तर आणखी लवकर.

मधल्या काळात साध्या सुताचीही एक फेरी होऊन गेली. 1939 साली मीड आणि ऑक्सनर या दोन अमेरिकी शल्यचिकित्सकांनी रिळावरचा शिवणाचा सुती दोरा टाक्यांसाठी चांगला चालतो असं लिहिलं, आणि महायुद्धात जपानी रेशीम बंद झाल्यावर त्याला बराच मान आला. भैय्या चौकातल्या ज्या घराचं आता स्मारक झालंय, ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. त्यांच्या काळातल्या कुठल्याही सर्जनपुढे एवढेच पर्याय होते: जिरणारी तात, नाहीतर न जिरणारं रेशीम आणि सूत. वेळ ठरवून जिरणारं काहीच नव्हतं.

ते होऊ शकणारं द्रव्य मात्र शोधून झालं होतं आणि बाजूला टाकून दिलं होतं. दही आंबट करणारं लॅक्टिक आम्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने 1780 मध्येच आंबलेल्या दुधातून वेगळं केलं होतं. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांनी 1932 च्या सुमारास त्याचे रेणू एकापुढे एक जोडून पाहिले. माळ झाली, पण आखूड आणि कमजोर. पाणी लागलं की तुटायची. त्याच कॅरोदर्सनी 1935 मध्ये नायलॉन बनवलं, जे पाण्याला, घामाला, वर्षांना दाद देत नाही. साहजिकच नायलॉनचं साम्राज्य झालं आणि ही दह्याची माळ फायलीत गेली. ड्यूपाँटच्याच हिगिन्स यांनी 1954 मध्ये तिच्या चुलत भावंडाचं, पॉलिग्लायकोलिक आम्लाचं पेटंट घेतलं. तेही दमट हवेत टिकत नाही म्हणून पडून राहिलं. कापडाच्या हिशेबाने हे दोन्ही रद्दी माल होते.

या रद्दीकडे दुसऱ्या नजरेने पाहणारा निबंध 1966 साली 'आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी' या नियतकालिकात आला. विषय होता, शस्त्रक्रियेत शरीरात बसवण्यासाठी पॉलिलॅक्टिक आम्ल. काम अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय प्रयोगशाळेतलं. लेखक चार, आणि पहिलं नाव आर. के. कुलकर्णी. दुसरं के. सी. पाणी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हॉस्टेलच्या खोलीत एकटाच हसलो होतो. सोलापुरात कुलकर्णी मराठी असतात, कन्नड असतात, गल्लीत दोन तरी असतात, आणि इथे एक कुलकर्णी साऱ्या जगाच्या विरघळत्या प्लास्टिकच्या मुळाशी बसलेले. त्यांनी हे पॉलिमर गिनिपिग आणि उंदरांच्या शरीरात ठेवून दाखवलं की ते विषारी नाही, आजूबाजूच्या ऊतीला चिडवत नाही आणि सावकाश नाहीसं होतं. नाहीसं होऊन त्याचं जे बनतं ते लॅक्टिक आम्ल, म्हणजे धावल्यावर आपल्या स्नायूंत तयार होतं तेच. शरीराला ते कुठे ठेवायचं हे शिकवावं लागत नाही. शेवटी त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो. ज्या दोषामुळे कॅरोदर्सनी ते टाकलं होतं, तोच दोष इथे गुण ठरला.

मग सगळं भराभर झालं. 1970 मध्ये पॉलिग्लायकोलिक आम्लाचा 'डेक्सॉन' हा टाक्याचा धागा बाजारात आला, 1974 मध्ये 'व्हिक्रिल'. व्हिक्रिल हा दोन्ही भावंडांचा मिश्र धागा, शंभरात नव्वद भाग ग्लायकोलिक, दहा भाग लॅक्टिक. साधारण तीन आठवडे जोर धरतो आणि दोन-सव्वादोन महिन्यांत नाहीसा होतो. तुमच्यापैकी कोणाच्या घरी सिझेरियन झालं असेल आणि डॉक्टरांनी 'टाके काढायला परत यायचं नाही, आपोआप विरघळतील' असं सांगितलं असेल, तर तो बहुधा याच घराण्यातला धागा.

आता धाग्यातून औषध कसं निघालं ते.

गोळी घेतल्यावर रक्तात औषध एकदम चढतं आणि मग उतरत जातं. चढलं की दुष्परिणाम, उतरलं की निरुपयोग. ही लाट सपाट करायची धडपड 1952 मधल्या 'स्पॅन्स्यूल' या कॅप्सूलपासूनची. वेगवेगळ्या जाडीचं मेण लावलेले बारीक दाणे, पातळ थरवाले आधी फुटणार, जाड थरवाले नंतर. पण पोटातून जाणाऱ्या कुठल्याही वस्तूला एक-दीड दिवसाच्या पुढे मुक्काम नाही. आठवडे, महिने हवे असतील तर औषध कातडीखाली किंवा स्नायूत ठेवायला हवं. 1964 मध्ये ज्युडा फोकमन आणि डेव्हिड लाँग यांनी सिलिकॉन रबराच्या नळीतून औषध दिवसेंदिवस झिरपू शकतं हे दाखवलं. पण सिलिकॉन जिरत नाही. औषध संपल्यावर रिकामी नळी काढायला पुन्हा चिरा आलाच.

विरघळणाऱ्या टाक्याचं द्रव्य इथे कामी आलं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सेमूर योल्स यांनी पॉलिलॅक्टिक आम्लात औषधं कालवून पाहायला सुरुवात केली. त्यांची सुरुवातीची औषधं कोणती होती? अफूच्या व्यसनाचा परिणाम अडवणारी. म्हणजे ज्या रुग्णावर 'हा रोज गोळी घेईल' असा भरवसा ठेवता येत नाही, त्याच्यासाठी. हा धागा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे. सर्वांत मोठं यश मात्र वेगळ्याच आजारात आलं. प्रोस्टेट कर्करोगात देतात ते ल्युप्रोलाइड हे संप्रेरकासारखं औषध रोज टोचावं लागायचं. जपानच्या ताकेदा कंपनीने ते पॉलिमरच्या धुळीसारख्या बारीक गोलकांत कोंडलं, आणि 1989 मध्ये अमेरिकेत महिन्यातून एकच इंजेक्शन पुरेल असं औषध मंजूर झालं. तीस सुयांच्या जागी एक.

हे ऐकायला जितकं सोपं वाटतं तितकं ते प्रयोगशाळेत नसतं. एम.फार्म.ला असताना मी सोडियम अल्जिनेटचे मणी बनवायचो. हे समुद्री शेवाळातून मिळणारं द्रव्य. त्याच्या द्रावणात औषध मिसळायचं, सिरिंजमधून कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात थेंब थेंब सोडायचं, प्रत्येक थेंब पडताच गोल मणी होतो. बुंदी पाडल्यासारखं. औषध अर्थातच डायक्लोफेनॅक. (देशातल्या निम्म्या एम.फार्म. प्रबंधांत डायक्लोफेनॅकच असतं, ते स्वस्त आहे आणि मोजायला सोपं.) मग ते मणी 37 अंशाच्या पाण्यात फिरवत ठेवायचे आणि ठरलेल्या वेळी नमुना काढायचा. रात्री दोनचा नमुना, चारचा नमुना. पहिल्या तासातच औषधाचा मोठा लोंढा बाहेर, आणि मग कंजूषपणा. या लोंढ्याशी या क्षेत्रातला प्रत्येक माणूस झगडत असतो.

म्हणूनच नुसत्या पॉलिमरवर भागत नाही, मिश्रणं करावी लागतात. अल्जिनेटमध्ये गवार डिंक किंवा कायटोसान घातलं की जाळं घट्ट होतं. पॉलिलॅक्टिक आम्लाची अडचण वेगळी. ते विरघळताना आम्ल तयार होतं, जाड तुकड्याच्या गाभ्यात ते अडकून बसतं, आणि अडकलेलं आम्ल पुढची मोडतोड आणखी वेगाने करतं. त्यामुळे वस्तू बाहेरून धड आणि आतून पोकळ होऊ शकते. हाडात बसवायच्या स्क्रूच्या बाबतीत हे धोक्याचं. उपाय म्हणून त्यात हायड्रॉक्सिअॅपेटाइट, म्हणजे आपल्या हाडातलंच खनिज मिसळतात. ते आम्ल मारतं, ताकद देतं आणि नव्या हाडाला जागा देतं. अँटिबायोटिकही सोबत ठेवता येतं. हाडात जंतुसंसर्ग झाला की आजही अनेक ऑपरेशन थिएटरांत सर्जन हाडाच्या सिमेंटमध्ये अँटिबायोटिक कालवून हाताने मणी वळतात, तारेत ओवतात आणि हाडात ठेवतात. काम उत्तम होतं. पण ते सिमेंट जिरत नाही, म्हणून काही आठवड्यांनी माळ काढायला दुसरं ऑपरेशन. रोजंदारीवरच्या माणसाला दुसरं ऑपरेशन म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

पण 'परत यायचं नाही' या वाक्याला दुसरी बाजूही आहे. 1985 मध्ये पाटणचेरूला, म्हणजे आपल्या सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर हैदराबादच्या अलीकडे, नेट-एन या दोन महिने पुरणाऱ्या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीसाठी शिबिर भरलं. बायकांना नेमकं काय टोचलं जाणार आहे हे नीट सांगितलेलं नाही, असा आक्षेप हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने घेतला आणि 1986 मध्ये दिल्लीच्या 'सहेली'सह इतरांबरोबर सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. नेट-एन हे पॉलिमर नव्हे, तेलातलं औषध. पण मुद्दा तोच होता. गोळी नको वाटली तर बाई ती बंद करू शकते, टोचलेलं औषध परत घेता येत नाही. पुढे सिलिकॉनच्या सहा नळ्यांचं, पाच वर्षं चालणारं नॉरप्लांट आलं तेव्हाही त्याला महिला संघटनांनी विरोध केला. नळ्या काढून मागितल्या तर कोण आणि कधी काढून देणार, हा त्यांचा प्रश्न होता. जिरणारं द्रव्य वापरलं तर काढायचा प्रश्न मिटतो, पण काढायची सोयही मिटते. 'कंट्रोल्ड रिलीज' या शब्दात कंट्रोल कोणाचा, हे विचारायला शास्त्रज्ञांपेक्षा या बायकाच आधी उभ्या राहिल्या. फार्मसीच्या पाठ्यपुस्तकात हे प्रकरण नाही. असायला हवं होतं.

आता तो राखून ठेवलेला धागा. रोज गोळी न घेणारा रुग्ण. सोलापुरात हजारो बायका विडी वळतात. कुंभारीला त्यांच्या सहकारी संस्थेने दहा हजार घरांची वसाहत उभी केली, ती 2006 मध्ये त्यांच्या ताब्यात आली. विडीची मजुरी हजारावर असते. अशा घरात कोणाला क्षय झाला तर सहा महिने औषध. 1997 पासून सरकारी कार्यक्रमात रुग्णाने कोणासमोर तरी गोळ्या गिळायच्या अशी पद्धत आली, आधी आठवड्यातून तीनदा, 2017 पासून रोज. गोळ्या फुकट असतात. पण त्या घेऊन मळमळतं, आणि मळमळणाऱ्या दिवशी हजार विड्या होत नाहीत. महिन्याला एक इंजेक्शन असतं तर?

हा विचार मला सुचला तेव्हा नवा वाटला, पण चंदीगडच्या पीजीआयमध्ये गोपाल खुल्लर यांच्या गटाने तो केव्हाच करून पाहिला होता. 2003 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की व्हिक्रिलच्याच जातीच्या पॉलिमरच्या अतिसूक्ष्म कणांत क्षयाची औषधं कोंडून उंदरांना दर दहाव्या दिवशी तोंडाने दिली, तर पाच मात्रांनंतर त्यांच्या ऊतींत जंतू सापडले नाहीत. मग माणसांपर्यंत ते का आलं नाही? कागद-पेन्सिल घ्या. सुरुवातीच्या दोन महिन्यांत क्षयाच्या एका गोळीत चार औषधं मिळून 900 मिलिग्रॅम असतात. चाळीस किलोच्या बाईला रोज तीन गोळ्या, म्हणजे 2700 मिलिग्रॅम. महिन्याचे झाले 81 ग्रॅम, आणि त्यात कोंडायला लागणारं पॉलिमर अजून धरलेलंच नाही. ल्युप्रोलाइडचं महिन्याचं इंजेक्शन 7.5 मिलिग्रॅमचं असतं. दहा हजार पटींहून जास्त फरक आहे. संप्रेरक चिमटीत मावतं, क्षयाचं औषध वाटीत. वाटी सुईतून जात नाही. ज्या रुग्णाला या तंत्राची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच आजारात ते अडतं, ते कोणाच्या दुष्टपणामुळे नाही, या साध्या वजनामुळे. थोड्या मात्रेत काम करणारी नवी औषधं आली की हे गणित बदलेल. त्यावर काम चालू आहे.

जिथे मात्रा थोडी लागते तिथे मात्र हे तंत्र आपल्याकडे चांगलं रुजलंय. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटवर औषध आणि जिरणारं पॉलिमर यांचा पातळ थर देण्याचं काम सुरतेतल्या कंपन्या करतात. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने औषधी स्टेंटची किंमत 29,600 रुपयांवर बांधली, तोपर्यंत लाखाच्या पुढे मोजणारी कुटुंबं आपल्यातच होती. त्याच वर्षी एक गर्वहरणही झालं. संपूर्ण पॉलिलॅक्टिक आम्लाचा, काही वर्षांत पूर्ण नाहीसा होणारा 'अॅब्सॉर्ब' स्टेंट अॅबट कंपनीने विक्रीतून काढून घेतला. त्याच्या काड्या धातूपेक्षा जाड ठेवाव्या लागत आणि त्यात रक्ताच्या गुठळ्या जास्त होत. विरघळतं म्हणून चांगलंच, असं नसतं.

आणि सोलापूर यात कुठे आहे? वाटतं त्यापेक्षा जवळ. 1988 मध्ये इथे सुरू झालेली बालाजी अमाइन्स तामलवाडीला एन-मिथाइल पायरोलिडोन नावाचा द्रावक बनवते. जगातल्या काही औषधांत हाच द्रावक पॉलिमर पातळ ठेवायला वापरतात. सुईतून द्रव आत जातो, शरीरातलं पाणी त्यात शिरतं, द्रावक बाहेर पडतो, आणि कातडीखाली पॉलिमरचा घट्ट गोळा तयार होतो, महिनोन् महिने औषध देणारा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर आणि मोहन कुलकर्णी (हो, आणखी एक कुलकर्णी) यांनी फुगणाऱ्या पॉलिमरमधून पदार्थ कसा झिरपतो यावर काम केलं. आणि कच्चा माल तर आपल्या शेतात उभा आहे. लॅक्टिक आम्ल साखर आंबवून होतं, आणि साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर जिल्हा राज्यात पुढे आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये प्राज कंपनीने जेजुरीला पॉलिलॅक्टिक आम्लाचं प्रात्यक्षिक केंद्र सुरू केलं. ते मुख्यतः पिशव्या, पेले, पॅकिंग यांच्यासाठी.

पेल्याचं पॉलिमर आणि इंजेक्शनचं पॉलिमर रसायनाने एकच, पण त्यांच्यामध्ये शुद्धतेची मोठी दरी आहे. पहिलं टनात विकलं जातं. दुसरं आमच्या प्रयोगशाळेत बर्फाच्या पेटीतून, कुरिअरने, परदेशातून यायचं. एका ग्रॅमची बाटली. ती फ्रीझरमध्ये ठेवायची, उघडण्याआधी खोलीच्या तापमानाला आणायची, नाहीतर हवेतल्या ओलाव्यानेच माळ तुटायला लागते. आमचे सर ती स्वतःच्या कुलपात ठेवायचे आणि वजन करताना काट्याजवळ उभे राहायचे. तेवढ्या वेळात कोणी पंखा लावायचा नाही.